चौथा भाग

त्या वर्षी सुरसागरात अजून शंकर उभा राहिला नव्हता
आणि न्यायमंदिरासमोर आम्ही अकरा टायपिस्ट
काळ्या छत्र्या उघडून बसायचो.
मी सरयू गुप्ते वकिलांची.
त्यांची इंग्रजी, त्यांची गुजराती माझ्या बोटांत;
मराठी फक्त चहाच्या वेळी.

डिसेंबर होता. खारी शिंग संपली
आणि बाईंनी पुडीचा कागद वाचायला घेतला.
आयर्लंडला पहिल्यांदाच बाई राष्ट्राध्यक्ष.
वकील. पंचविशीत कायद्याची प्राध्यापक. तीन मुलांची आई.
पुढची ओळ मिठानं खाल्ली होती.

“रतन, हा तोच देश,
ज्याच्याकडून आपण घटनेचा चौथा भाग उसना आणला.
मार्गदर्शक तत्त्वं. कोर्टात मागता येत नाहीत,
तरी राज्य चालवायला मूलभूत. कलम सदतीस.”
मग कागदाची घडी घालत,
“आणि तिकडे अजून घटस्फोट नाही बरं.
मी तिथं असते तर उपाशी मेले असते.”

त्याच महिन्यात बाई वकील मंडळाला उभ्या राहिल्या,
अध्यक्षपदाला.
मतपत्रिका मीच टाइप केली,
पहिल्यांदाच ‘श्री’च्या पुढे ‘मती’ जोडून.
सगळे म्हणाले, तमे तो अमारां मोटां बेन.
सगळ्यांनी बाईंची सेव उसळ खाल्ली, तर्री मागून घेतली.
नऊ मतांनी पडल्या.
लूनाला किक मारताना एवढंच म्हणाल्या,
“पुढची तारीख.”

मग कधीतरी डब्लिनला सर्जरी शिकणाऱ्या भाच्याचं पत्र आलं.
राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
एक दिवा असतो, कायम लावलेला.
रस्त्यावरून दिसतो.
भुकेपायी, कामापायी देश सोडून गेलेल्यांसाठी.
बाईंनी पत्र दोनदा वाचलं.
“दिवसासुद्धा?” म्हणाल्या. “बिल कोण भरतं?”

दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
ओट्यावरच्या खिडकीत पिवळा झिरोचा बल्ब.
दूधवाला रोज सांगायचा, बेन, लाइट चालू रही गई.
बाई रोज म्हणायच्या, हो का.

उत्तरायणाच्या आदल्या रात्री तरसालीची एक बाई आली.
कडेवर मूल, पायांत काही नाही,
मुलाच्या मुठीत तुटका मांजा.
कुणी पाठवलं, विचारलं तर म्हणाली, रिक्षावाल्यानं.
नाव नव्हतं माहीत त्याला.
पिवळ्या बत्तीचं घर, एवढंच.
सकाळी मी गेले तेव्हा मूल चहात खारी बुडवत होतं
आणि बाई अर्ज सांगत होत्या, शांतपणे,
जणू हे सगळं आधीच ठरलेलं होतं.
पुढे मी मोजणं सोडलं.
गेलेल्यांसाठी तिकडे, निघालेल्यांसाठी इकडे,
असं काही बाईंनी कधी म्हटलं नाही.
म्हटलं असतं तर मी टाइप केलं असतं.

सत्त्याण्णवला पेपरात आलं,
मुदत संपायच्या आधीच तिनं खुर्ची सोडली,
जगाच्या कामाला गेली.
आणि तिच्या जागी निवडून आली ती पण बाईच.
“सलग दोन!” बाईंनी मला बोटं दाखवली,
शाई लागलेली.
आमच्या मंडळाच्या फळ्यावर, सोनेरी अक्षरांत,
अजून सगळे भाईच.

आता कोर्ट दुसरीकडे गेलं.
छत्र्या गेल्या. बाई गेल्या.
घर भाच्यानं विकलं; नव्या लोकांनी
खिडकीला एसी बसवला.

माझ्या मांजलपूरच्या ओट्यावर एक बल्ब आहे.
मुलगा म्हणतो, आई, विसरतेस हल्ली.
मी म्हणते, हो का.

महिन्याला साठेक रुपये होतात.
बिल मी भरते.
अजून कुणी आलेलं नाही.
पण परवा रात्री एक रिक्षा
कोपऱ्यावर जरा हळू झाली होती.