बत्तीस बिटचा ड्रायव्हर

सातपूरच्या आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह बनतात,
आणि कुठला व्हॉल्व्ह कुणी, किती दाबावर तपासला
हे सगळं एका जुन्या डेटाबेसला पाठ आहे.
पंखा घरघरतो, हिरवा दिवा लुकलुकतो.
फक्त माझ्याशी तो बोलत नाही.

मधे दुभाष्या लागतो.
ज्या कंपनीने तो लिहिला तिला दुसरीने गिळलं,
दुसरीला तिसरीने,
आणि तिसरी म्हणते, आपण शोधताय ते पान इथे नाही.

तीन दिवस मी उतरवून घेतोय.
एक चौसष्ट बिटचा, या मशीनला पचत नाही.
एक जोडतो, पण मराठी नाव आलं की
नुसती प्रश्नचिन्हं;
अख्खी दुसरी पाळी प्रश्नचिन्ह होऊन उभी.
एकाला हुद्दा हवा, अमेरिकेतला पिनकोड हवा.
मी नाशिकरोडचा दिला. नाही म्हणाला.

आईला परवा बोलून बसलो,
तेव्हापासून रोज रात्री फोन:
"मिळाला का रे ड्रायव्हर?
द्वारकेला मामा असतो की सकाळी टेम्पो घेऊन,
त्याला सांगू? त्याच्या ओळखीतला
इंदिरानगरचा बोगदा टाळून कुठूनही नेईल."
हसायला आलं नाही.
मलाही तेवढंच हवं होतं,
रस्ता माहीत असलेलं कुणीतरी.

स्टोअरच्या शिरसाठबाई म्हणाल्या, गांगुर्डेंना विचारा.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. सिडकोत, उत्तमनगर,
पाण्याच्या टाकीमागे.

बिस्किटांचा डबा त्यांनी मांडीवर घेतला:
रेशनकार्ड, लाइटबिलं, नातीचं जावळ कागदात,
आणि खाली एक सीडी.
निळ्या पेनाने लिहिलेलं: ड्रायव्हर. टाकू नये.

आता सीडी लावायची कुठे?
माझ्या लॅपटॉपला ती खाचच नाही.
पवननगरला लग्नांचं शूटिंग करणारा एक पोरगा,
त्याच्या जुन्या मशीनने खाकरत खाकरत वाचली.

रात्री साडेनऊला, दुसरी पाळी चालू असताना,
जोडणी झाली.
पहिली ओळ आली, व्हॉल्व्ह नंबर शून्य:
चाचणी. पु. ना. गांगुर्डे. ठीक आहे.
त्यांच्यामागून हळूहळू सगळी माणसं नावानिशी.

"मिळाला," मी आईला सांगितलं.
"बरं झालं. किती घेतो?"
काय सांगणार,
चहासुद्धा त्यांनीच केला होता.