पूल वर असताना

पहिल्या ऑगस्टला पहाटे पाचला पहिली चिठ्ठी आली:
"न उघडणारं दार."
रात्रपाळीचे शेवटचे दोन तास,
थर्मासच्या तळाशी गार कॉफी.
रोज एक नाटक, एकतीस दिवस,
अगदी एक पानही चालेल, म्हणाली होती
ग्रंथालयातली डेल्फीन, नाव लिहून घेताना.
आम्ही अकराजण. त्यात एक दंतवैद्य,
दोन निवृत्त शिक्षिका,
आणि फक्त भुतांची नाटकं लिहिणारा एक पोरगा.

मी डुलूथचा पूल उचलते.
जहाज भोंगा देतं, एक लांब, एक तोकडा,
पुन्हा लांब, पुन्हा तोकडा,
मी तसाच परत देते. फाटकं पडतात,
आणि अख्खा रस्ता माझ्यासकट वर जातो,
केबिन पुलावरच आहे ना.
खालून लोहखनिजाचं हजार फुटी धूड सरकतं,
उशिरा आलेल्या प्रेक्षकासारखं, अंग चोरून.
पूल वर असताना लिहायचं नाही, हा नियम.
सुचतं मात्र तेव्हाच.

"दोन माणसं, एक खुर्ची."
"संवाद नको."
"जेवणाच्या टेबलावर एक खोटं."
खुर्ची निघाली बोटीतली.
मुकी दोघं बोट रंगवत होती.
खोटं होतं बोटीच्या किमतीबद्दल.
दंतवैद्य म्हणाला, आयली, तुझ्याकडे एकच बोट आहे का?
एकच होती.
वडिलांची, सीडरच्या फळ्यांची.
आर्वोने मला न विचारता विकली.
सहा वर्षं झाली. भावाशी मी त्यानंतर
एकदाच बोलले, बाबांच्या अंत्यविधीच्या जेवणात:
मीठ दे.

बाराव्या दिवशी काहीच सुचेना.
लिहिलं: पडदा उघडतो. काही सुचत नाही म्हणून बसलेली बाई.
पडदा पडतो.
सगळ्यांना फार आवडलं. मला राग आला.
सतरावा बुडाला. धुकं, तीन जहाजं, ओरिन आजारी.
अठराव्याला दोन लिहिली, दोन्ही भिकार.

मग तेविसावा.
"ज्याच्याशी पटत नाही त्याचं स्वगत. त्याला जिंकू द्या."
मी फोन उपडा ठेवला.
फरशी पुसली. खिडक्या पुसल्या, आतून.
शेवटी म्हटलं, लिहू. भावाला चांगला सोलून काढू.

पण तो आला तो त्याच्यासारखाच आला,
उजवा खांदा जरा खाली,
नखांत तोच निळा रंग. म्हणाला,

"तू वर असायचीस, आयली.
खाली थांबलेल्या गाड्यांत एक माझी.
दर मंगळवारी बाबांना दवाखान्यात न्यायचो,
आणि नेमका पूल वर.
ते काचेतून बोट दाखवायचे, ती बघ, आपली आयली.
औषधाची वेळ टळायची, तरी खूश.
फळ्या सडल्या होत्या. बिलं आली होती.
तुला विचारलं असतं तर?
बोट ठेवायला अंगण माझं,
आणि नंतर माझ्यावर बोट ठेवायला तू."

हे मी कुठून आणलं?
मला कोणी सांगितलं नव्हतं.
बाबा मंगळवारी जायचे, एवढंच ठाऊक.
महिनाभरातलं एकमेव चांगलं भाषण,
आणि मेल्याने ते स्वतःसाठी ठेवलं.

ते नाटक मी पाठवलं नाही.
डेल्फीनच्या तक्त्यात माझी तीसच भरली.

शेवटची चिठ्ठी: "शेवट."
पोराने म्हणे सगळ्या भुतांची लग्नं लावून टाकली.
मी लिहिलं:
पूल. सकाळ. फाटकाशी गाड्यांची रांग,
तिसरी, निळा पिकअप.
केबिनमधली बाई दुर्बीण उचलते.
(विराम. किती, ते नटांनी ठरवावं.)

सात वाजता ओरिन पायऱ्या चढून आला.
त्याला किल्ल्या दिल्या, गाडी काढली,
आणि फाटक उघडं असताना,
काही कारण नसताना,
फाटकाशी थांबले.
मागच्याने हॉर्न दिला. एकच, तोकडा.