मांदेली

पिवळी, म्हणून मांदेली.
मागच्या होळीला हर्णैच्या लिलावात
बर्फाच्या खोक्यामागे सापडली.
आई कोण ठाऊक नाही, बाप नक्की बंगल्यातला,
एवढे केस बंदरावरच्या मांजराला नसतात.

पहिल्यांदा उबळ आली तेव्हा घाबरलो.
मान खाली ताणलेली, कोपरं बाहेर,
पोट भात्यासारखं आत-बाहेर, आत-बाहेर,
खर्र, खर्र,
आणि माझ्या चपलेत पडला
एक ओला, लांबोडका गोळा, सुरवंटाएवढा.
ती बाजूला बसून पंजा चाटू लागली,
जणू चप्पल माझी, गोळाही माझाच.

शेजारची चांगुणाबाय म्हणाली, केसच ते.
चाटता चाटता गिळते, साठले की टाकते.
महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, चालायचंच.
मग मीही शिकलो:
गोळा पडला, लगेच वाटीत तोंड घातलं,
म्हणजे सगळं ठीक.

मार्गशीर्षात उबळ आली
आणि काहीच पडलं नाही.
थोडा फेस. पुन्हा उबळ. पुन्हा फेस.
दारात फाटकी डोल शिवत बसलो होतो,
म्हटलं, केस असतील.
केस असतील, असं मी दोन दिवस म्हटलं.
बांगड्याचं डोकं तिनं हुंगून सोडलं.
होडीखालची वाळू, रोज तिनं उकरलेली,
सपाट राहिली.
उचललं तर पोट घट्ट,
आणि एरवी नखं काढणारी ही
हातात नुसती लोंबत राहिली.

गुंता मला कळतो.
ओढला की आवळतो.
चाळीस वर्षं बोटांना पाठ असलेली गोष्ट,
पण पोटातही गुंता होतो
हे बोटांनी कधी सांगितलं नव्हतं.

मासळीच्या क्रेटवर दुसरा क्रेट उपडा बांधला
आणि विक्रममध्ये बसलो. दापोलीपर्यंत
वास क्रेटचा, नजरा माझ्याकडे.
एक शाळकरी पोर तेवढं
फटीतून बोट आत घालून बसलं.

डॉक्टर नेवरेकरबाईंनी विचारलं,
शेवटचं जेवली कधी? शी कधी केली?
गोळा कधी पडला होता?
भरती-ओहोटीची वेळ मला झोपेतही सांगता येते,
यातलं एकही सांगता आलं नाही.
त्यांनी जबडा उघडला, जीभ उचलली.
जिभेच्या मुळाशी अडकलेला
हिरवा दोरा.

माझा.
माझ्याच सुईतला, दातानं तोडून
दारात थुंकलेला.
माझा हात आपोआप पुढे गेला.
"ओढायचा नाही," बाई म्हणाल्या,
"आतडं चिरतं."

टाके अकरा.
पोटावरचे केस काढल्यावर कळलं
मांजर किती थोडं असतं.

बिल लिहिता लिहिता बाई म्हणाल्या,
केसांचा गोळाही कधी असाच अडतो.
आणि कधी ती ढास दम्याची असते,
बाहेरून सारखीच दिसते.
काय झालंय त्याचं नाव तुम्ही ठेवू नका.
उबळ येते, पडत काही नाही, दिवसभर अन्नाला तोंड नाही,
एवढं दिसलं की गाडी पकडायची.
उद्यावर टाकायचं नाही.

आता दारात बिस्किटांचा रिकामा डबा असतो,
दोऱ्याच्या तुकड्यांसाठी, झाकणासकट.
आणि टक्कल पडल्यापासून खुंटीवर लटकलेला माझा कंगवा
रोज सांजेला तिच्या पाठीवरून फिरतो.
निघालेले केस वारा नेतो,
काही सुवर्णदुर्गाकडे, काही माझ्या चहात.

काल पहाटे तीनला पुन्हा खर्र, खर्र.
दिवा लावला. समोर उकिडवा बसलो.
एक उबळ. दुसरी.
तिसरीला पडला. चपलेतच.
बॅटरीखाली धरून, काडीनं उलगडून पाहिला:
केस. सगळे केस. पिवळे.

मग वाटीत मूठभर सुकट टाकली
आणि तिचं खाऊन होईपर्यंत
चप्पल धुवायला उठलो नाही.