उत्तरेचं आकाश मोकळं हवं

तू असतास तर गाडी झाडाखालीच लावली असतीस, ऑर्विन.
कॉटनवुडची सावली दिसली की तुझा पाय आपसूक ब्रेकवर.
मी आता झाडं टाळते.
डिशला उत्तरेचं आकाश मोकळं लागतं,
एक फांदी आडवी आली तरी
दर चार मिनिटांनी शब्द गळतात.
म्हणून नेवाडाच्या या पांढऱ्याफटक माळावर
भर उन्हात उभी आहे आपली सत्तावीस फुटी गाडी,
आणि पेनी जीभ बाहेर काढून
माझ्याकडे सावलीचा हिशेब मागते.

हसशील, पण घर आता कांड्यांवर चालतं.
दोन कांड्या: पत्रं. तीन: बँक.
चार मी एकदाच पाहिल्या,
यूरेकाच्या कब्रस्तानाशेजारी, टेकडीवर.
तिथे थांबावंसं वाटलं नाही.

दोन सिम, एक डिश, छतावर खांब,
वाऱ्यात हलू नये म्हणून त्याला
तुझी मासेमारीची दोरी.
एवढा पसारा एका मुलीसाठी.
थिया ओहायोत भूगर्भशास्त्र शिकते. तिला ऐकू येत नाही.
तिकडे सर बोलतात, इकडे मी ऐकते, टाइप करते,
तिच्या पडद्यावर ओळ उमटते.
परवा विषय होता हाच, माझ्या खिडकीबाहेरचा:
जमीन ताणली जाते, मधला भाग खचतो,
कडेचे डोंगर उभे राहतात,
इतकं हळू, की वर राहणाऱ्यांना
पत्ताही

आणि रेंज गेली.

अकरा मिनिटं.
तिच्यासमोर एका माणसाचे नुसते हलणारे ओठ.

रात्री बावीस मैल गाडी हाकत गावात आले,
बुडालेली मिनिटं भरून पाठवायला.
वाचनालय पाचलाच बंद होतं,
पण वर्निटा वायफाय चालू ठेवून जाते,
पासवर्ड दाराच्या काचेवर, आतून चिकटवलेला.
पिकअपमध्ये एक पोरगा गणितं सोडवत होता.
पायरीवर एलुतेरिओ, पेरूहून आलेला मेंढपाळ,
पंधरा दिवसांनी डोंगर उतरून
आईला फोनवर आपली नवी दाढी दाखवत होता.
ती रागावत असावी. तो खूश होता.
त्याची बॅटरी संपत आली, मी खिडकीतून वायर दिली.
त्याने हाताने खुणावलं:
पुस्तकं परत टाकायच्या पेटीपाशी या, तिथे जोरात येतं.

पेटीवर एल्मचं झाड होतं.
भिंतीतून येणाऱ्या वायफायला आकाशाशी काय देणंघेणं.
कितीतरी महिन्यांनी पानांखाली झोपलो, मी आणि पेनी.

सकाळी थियाचं उत्तर:
मिळालं सगळं. तिथे खरंच दिसतं का, खचलेलं?

माळावर परत येऊन फोटो काढला.
जायला नऊ मिनिटं लागली.
मी बसून राहिले,
तू गळ टाकून बसायचास तशी,
काही न बोलता,
दोरीकडे बघत.