फळ्यावरचा शब्द

लव्हडे ट्रेम्बाथ, वय एकाहत्तर, चणीने बुटकी,
रोज पहाटे धक्क्यावर येते,
माशांचं रिकामं खोकं उपडं घालते,
त्यावर चढते
आणि काळ्या फळ्यावर खडूने लिहिते: हाय.
पुढे वेळ. सहा बेचाळीस.
उद्या साडेसात. परवा त्याहून उशिरा.
पाणी कधी पुरतं चढणार, एवढंच त्यातून कळायचं असतं.
खोक्याशिवाय तिचा हात
त्या शब्दापर्यंत पोचत नाही.

त्या हिवाळ्यात मी तिच्या माळ्यावर भाड्याने राहत होते.
'उंच' एवढा एकच अर्थ पाठ करून
कॉर्नवॉलच्या त्या टोकाला आलेली.

तिथे गावातला मुख्य रस्ता हाय,
आणि तोच सगळ्यात सखल.
डिसेंबरात समुद्र सरळ बेकरीत शिरतो,
पावांच्या खालच्या फळीपर्यंत येऊन
बघून जातो.

डिगरी खाटकाच्या दारात रानकोंबडे टांगलेले,
चोची खाली, पाय वर.
नवव्या दिवशी तो पिसांत नाक खुपसतो
आणि समाधानाने म्हणतो, आता झालं हाय.
आमच्याकडे याला वास मारणं म्हणतात,
अंधार पडल्यावर लांब टाकून येतात.
इथे भाव वाढतो.
मी हसले, मग आठवलं, आमचीसुद्धा उंची
अत्तरात शिरते, लुगड्याच्या काठात शिरते,
आणि एकदा शिरली की परवडत नाही.

नातू जोरी, सोळा वर्षांचा,
जाळ्यांच्या खोलीमागे आडवा, डोळे गुंजांसारखे लाल,
एका सीगलकडे बघून हसतोय, थांबतच नाही.
तोही हाय.
लव्हडे त्याच्या अंगावर ताडपत्री टाकते.
"हा किती वाजता उतरेल, तेही फळ्यावर लिहायचं का?" मी.
ती बोलत नाही. मग हसते,
दात नसलेल्या बाजूने.

जावई पॅस्को नवी गाडी घेऊन आला,
बंदराचं काय करायला हवं ते सगळ्यांना सांगू लागला.
ती बटाटे सोलता सोलता म्हणाली,
आधी त्या उंच घोड्यावरून खाली उतर,
आणि बूट काढ. आत्ताच पुसलंय.

आणि ती होडी.
ते मला तिने नाही, बेकरीवालीने सांगितलं.
मोर्व्होरेन नावाची, निळी, हेडलीची.
ओहोटीनंतर वाळूच्या दांड्यावर सापडली,
हाय आणि कोरडी.
तळाला थेंबभर पाणी नाही,
डब्यात अर्धी पेस्टी, दातांच्या खुणांसकट,
हेडली कुठेच नाही.
तेव्हापासून फळा तिच्याकडे.

माझ्या भाषेत हा आवाज छातीतून निघतो.
माणूस हाय खातो, आणि मग दुसरं काही खात नाही.
कुणाची घेऊ नये म्हणतात, लागते.
हे मी तिला सांगायला नको होतं बहुतेक.
चहा गार झाला. खिडकीच्या काचेवर मीठ.
"तुमच्यात लिहितात कसं?" तिने विचारलं.
मी पावाच्या पिशवीवर लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी खोकं, खडू,
वारा असा की पिशवी हातात टिकेना.
आधी तिचा नेहमीचा शब्द. वेळ, नऊ दहा.
मग शेजारी, गारठलेल्या बोटांनी,
चित्र काढावं तसं, माझं अक्षर.
काना राहून गेला.
हय. म्हणजे घोडा.

मी खालून बघत होते. सांगणार होते.
ती वळली, खडूची भुकटी भुवयांवर.
"बरोबर आहे ना?"
"बरोबर आहे."

घोडा संध्याकाळपर्यंत फळ्यावर उभा होता.
दोन खलाशांनी टोप्या मागे सारून त्याच्याकडे बघितलं,
काही विचारलं नाही.
पाणी चढलं, वेळेवर,
त्याच्या खुरांच्या बरंच खाली,
आणि उतरलं.