हेरल्ड, कॉव्हेंट्री

चाळीस पौंड आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी,
एवढ्यावर म्यूरिएल ट्रँटरनं गाडी देऊन टाकली.
"ने बाई," म्हणाली, "मला तिथं वॉशिंग मशीन ठेवायचंय."
तिच्या गॅरेजपासून माझ्या गॅरेजपर्यंत बारा पावलं.
ढकलायला चार माणसं लागली, एक तास, आणि पोस्टमन.

ट्रायम्फ हेरल्ड, सदुसष्टची.
रंग कधीकाळी निळा असावा.
एकाच चाकात हवा होती,
तीही बहुधा विल्फ्रेडनं मरायच्या आधी भरलेली.

तीस वर्षं मी लोकांच्या हाडांचे फोटो काढले
वॉल्सग्रेव्हच्या हॉस्पिटलात.
श्वास रोखा. हलू नका. झालं.
हिला हे सांगायची वेळच आली नाही.

फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं
(त्यावर सांगलीच्या एका भांड्यांच्या दुकानाची जाहिरात)
आणि तिच्या अंगावरून फिरवत गेले.
पत्रा होता तिथं चिकटलं,
नुसती पुटी होती तिथं घसरून माझ्या पायाशी पडलं.
सोळा वेळा पडलं.
डाव्या दाराखाली पुटी फोडली तर आत
वर्तमानपत्राचा बोळा, एकोणऐंशी सालचा,
फुटबॉलचे निकाल.
कोण जिंकलं तेवढंच गंजानं खाल्लेलं.

खपली काढू नये, आई म्हणायची,
जखम तिची ती भरते.
इथं तारेचा ब्रश घ्यायचा
आणि खपली काढत जायचं
जिवंत लोखंड लागेपर्यंत.
कधी ते लागतच नाही,
ब्रश आरपार जातो,
भोकातून फरशी दिसते.
जुनं ते सोनं म्हणणारा माणूस
चासीखाली उताणा पडलेला नसणार,
त्याच्या दातांत गंज कचकचला नसणार.

इंजिन जाम.
चारही सिलिंडरांत तेल सोडलं, तान्ह्याच्या कानात सोडतात तसं,
आणि रोज संध्याकाळी कुकर लावला की
तीन शिट्ट्या होईस्तोवर
मोठा पाना धरून जोर लावायचा.
लीड्सहून मुलगा म्हणाला, आई, खांदा सांभाळ.
एकोणीस दिवस काही नाही.
विसाव्या दिवशी पाना हलला.
करंगळीभर.
शिट्ट्या किती झाल्या कुणाला माहीत,
भात करपला.

मार्चमध्ये म्यूरिएल बघायला आली.
गाडी ठोकळ्यांवर, चाकं भिंतीला टेकलेली,
बॉनेट कोपऱ्यात, पुढची काच काढलेली.
मी स्टूल पुढं केलं.
तिनं दार उघडलं आणि ती आत बसली, डावीकडच्या सीटवर.
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
काय करावं ते न सुचून
मीही हात पुसले, स्टिअरिंगमागं जाऊन बसले.
काचेच्या रिकाम्या चौकटीतून समोरची गल्ली,
कचऱ्याचे डबे, कुणाची तरी मांजर.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ती म्हणाली,
"आता वळण येईल. इथं तो कधी हळू करायचाच नाही."
मी पाय दाबला.
पेडल तिथं नव्हतं,
ते रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेलं.
तरी तिची पर्सवरची बोटं सुटली,
ती जराशी मागं रेलली.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी इंजिन लागलं.
आधी खोकला, मग निळा धूर,
मग सगळं गॅरेज थरथरायला लागलं, खिळ्यांच्या बरण्यांसकट.
मी ओरडणार होते तिच्या नावानं,
पण भिंतीपलीकडं तिचं वॉशिंग मशीन
ऐन पिळण्याच्या भरात होतं.
तिला काही ऐकू गेलं नसणार.

मी इंजिन बंद केलं.
मशीन थांबायची वाट पाहिली.
आणि चावी पुन्हा फिरवली.