प्रश्न क्रमांक तेवीस

सहाशे बारा फॉर्म.
त्यातल्या एकशे चारांत तेविसाव्या रकान्यात काही नाही.
शून्यही नाही. शून्य हे उत्तर असतं.
इथं नुसतं टिंब, सॉफ्टवेअरनं ठेवलेलं,
जोंधळे निवडताना नजर चुकवून राहिलेल्या खड्याएवढं.

पुण्याहून सर फोनवर म्हणाले,
सतरा टक्के म्हणजे फार नाही, भरून टाक.
जणू रांजण आहे.

परभणीत मे महिना. लॅबमधला कूलर
पाणी संपलं की नुसता आवाज करतो.
मी पडद्यावर खूण करते:
'न मिळालेली उत्तरे योगायोगाने मिळाली नाहीत, असे गृहीत धरा.'
गृहीत धरायला काय लागतं?

पण मी गेले होते त्या घरांत.
सेलूच्या बाजूला एका ओसरीवर प्रश्न वाचला,
गेल्या वर्षात तुमच्या मनासारखं किती वेळा झालं?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी.
तेवढ्यात लाईट आली.
दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बाई गिरणीकडं पळाली,
तिच्यामागं अख्खी गल्ली.
तीन फॉर्म एका दमात रिकामे राहिले.
याला योगायोग नाही म्हणत, वेळापत्रक म्हणतात.

पाथरीत जैतुनबी हसल्या,
मग दाराआड बांगड्या वाजल्या
आणि हसणं थांबलं.

जिंतूरजवळ कौसाबाई खिल्लारे उलट मलाच म्हणाली,
'हे कामून इचारू लालीस माय?
मनासारखं म्हंजी, कोनाच्या?'
उत्तरांसाठी पाच चौकटी होत्या.
तिच्या प्रश्नाला एकही नव्हती.
मी पेनाला टोपण लावलं आणि चहा प्याले.

सुरू करण्याआधी यंत्र एक आकडा मागतं,
सीड म्हणतं त्याला.
बियाणं. परभणीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
तोच आकडा टाकला की तेच पीक पुन्हा उगवतं,
दुसऱ्याला तपासता यावं म्हणून.
मी एकशे चार पेरला.
'बनी तो बनी' म्हणतात आमच्याकडं,
पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

आता ते कौसाबाईसारख्या बाया शोधतंय:
वय बावन्न, शिक्षण दुसरी,
हापसा दोनशे पावलांवर, मोबाईल नाही.
अशा बाया काय म्हणाल्या त्यावरून
ही काय म्हणाली असती ते ठरवतं,
वर चिमूटभर चूक मुद्दाम टाकतं,
खरं वाटावं म्हणून.
आणि एकदा नाही, पाचदा.

पहिल्या संचात कौसाबाई म्हणते, क्वचित.
दुसऱ्यात, कधीच नाही.
तिसऱ्यात, बरेचदा. ते वाचून मला बरं वाटलं,
का ते कळेना.
चौथ्यात पुन्हा क्वचित.
पाचव्यात, नेहमी.

नेहमी!
कौसाबाई, पाचव्या संचात तुम्ही राहता कुठं?
पत्ता द्या. मी येते तिकडं,
फॉर्म न घेता.

सरासरी आली दोन पूर्णांक सहा.
सरांनी अंगठा पाठवला.
यादी खालून वर तपासत गेले
तर सगळ्यात वर फॉर्म एक.
तो माझाच. छपाई नीट आली का बघायला
होस्टेलच्या जिन्यावर बसून भरलेला,
काढून टाकायचा राहून गेला.
तेवीस मी सोडला होता.
घाई होती, असं आठवतं.

यंत्रानं माझ्यासाठी
पाचही वेळा एकच उत्तर भरलंय.
मी त्यावर तळहात ठेवलाय.
कूलरमध्ये पाणी टाकून येते आधी.